हरीच्या होडीतली माझी जागा

नमस्कार मंडळी. वर्षभर झालं, या ग्रुपवर मी नुसती वाचते. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाला मागून हाक आली... राग मानू नका, पण वाचून मी हसायचे. मी त्यातली नव्हेच. आमच्या गावी, कराडकडे, शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, तर मी म्हणायचे, "देवी आलीच आहे तर तिला म्हणावं दोन भाकऱ्या थापून जा, हात भरपूर आहेत तुला." असला माझा स्वभाव. आणि आता मीच लिहायला बसले आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीसुद्धा अर्धी. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. तेव्हा शुद्धलेखन वगैरे सांभाळून घ्या.

प्रसंग मागच्या डिसेंबरातला. जागा — पालघर तालुक्यातलं दातिवरे, वैतरणा खाडीच्या तोंडाशी. वेळ दुपारी तीन ते संध्याकाळी सहा, लख्ख उजेड. होडीत माणसं चार. मी, माझी मुलगी वैशाली, जावई निखिल, आणि होडीवाला हरी.

आधी आमच्या ह्यांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हे तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात बॉयलरवर होते. चाळीस वर्षं आम्ही बोईसरला काढली. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, पण मी कधी पाण्यात घोटा बुडवला नाही. नदीकाठची माणसं आम्ही, तीसुद्धा काठावरून नमस्कार करणारी! पाण्याची मला भीती वाटते. ह्यांचं उलट. रिटायर झाल्यावर दर रविवारी जेवण झालं की स्कूटर काढायचे आणि थेट दातिवरे. तिथला हरी आधी ह्यांच्या हाताखाली कंत्राटावर कामाला होता. मग त्याने ते सोडलं आणि बापाची शिडाची होडी धरली. त्या होडीत बसायचं, पिशवीतली क्वार्टर काढायची, वारा खायचा, आणि रात्री आठच्या आत घरी. बरोबर कागदात बांधलेले सुके बोंबील. "हरीच्या बायकोने दिले" म्हणायचे.

दर रविवारी चपला घालताना विचारायचे, "येतेस?"

दर रविवारी माझं उत्तर ठरलेलं. "तुमच्या बाटलीशेजारी बसायला? तुम्हीच जा."

माझे वडील दारूपायी गेले. मला शाळेतून काढलं तेही त्याचपायी. आई मजुरीला जाणार, मग धाकट्यांना कोण बघणार? त्यामुळे बाटली असेल तिथे मी नाही, हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांना सांगून टाकलं होतं. ह्यांनी घरात कधी आणली नाही. आठवड्यातून एकदा, हरीच्या होडीत. कधी तोल गेला नाही, कधी आवाज चढला नाही. तरी माझा हेका तो हेका.

मग मोठं लॉकडाऊन आलं. ते उठल्यावर हे पुन्हा जायला लागले, पण विचारायचं बंद झालं. चपला घातल्या, स्कूटरची किल्ली घेतली, चालले. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता. मी गाळणं धुवून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता घरात मी, टीव्ही आणि गॅलरीतली कबुतरं. ती मेलीसुद्धा जोडीने येतात. दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. भाजीवाला आला की त्याच्याशीच पाच मिनिटं जास्त बोलते, तोही बिचारा गाडी ढकलत ढकलत उत्तरं देतो. आणि डोक्यात एकच... चाळीस वर्षांत माणसाने एवढं एकच मागितलं आणि मी एकदाही "चला" म्हटलं नाही.

वैशाली पुण्याला असते. तिला हे मी फोनवर एकदा बोलून गेले. तर ती डिसेंबरात निखिलला घेऊन आलीच. जावयांच्या ऑफिसातले लोक मुंबईला गेटवेजवळ प्रायव्हेट सेलिंग की काय ते करतात म्हणे — शिडाची बोट, थंड बिअर, समोर मुंबई. ते म्हणाले, "आई, तिकडे जाऊ या." वैशाली म्हणाली, "नाही. बाबांच्या होडीतून जायचं." ह्यांच्या फोनमध्ये नंबर होता. 'हरी होडी'. फोन लावला तर हरी म्हणाला, "या ना! आता मी पण पावण्यांना फिरवतो. अर्नाळ्याच्या किल्ल्यावरून विरारच्या किनाऱ्याला फेरी. पिन्याचं तुमचं, बर्फ माझा."

निघालो. पालघर, माकुणसार, एडवण, कोरे, मग दातिवरे. गाडी थांबली तिथे जाळी वाळत घातलेली, आणि बोंबलाच्या मांडवाखालून एक बाई धावत आली. हरीची बायको, कमळी. तिने माझे दोन्ही हात धरले.

"वयनी, किती बारीक झाल्या ओ! दोन वर्सं तोंड नाय दाखवलं. मागचे बोंबील संपले काय?"

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. ह्यांच्याकडून ऐकून असेल. मीही म्हटलं, "संपले की केव्हाच!" आणि तिच्याबरोबर हसले. तिथे चुकलंच माझं. तेव्हाच विचारायला हवं होतं, की बाई, आपण आधी कधी भेटलो?

हरी पासष्टीचा, काळा कुळकुळीत, दात पांढरेशुभ्र. त्याने मला हाताला धरून होडीत घेतलं आणि काही न विचारता मागच्या बाजूला, डाव्या अंगाच्या फळीवर नेऊन बसवलं. तिथे गोणपाटाची जुनी घडी टाकलेली होती. मी पदर घट्ट खोचला, स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि फळी पकडून बसले. जावयांनी बर्फाचा डबा उघडला. त्यांना आणि वैशालीला बिअर, मला कोकम सरबत.

हरी म्हणाला, "थांबा थांबा! आमच्या घरची रीत हाय. नवीन मानूस होडीत आला की तो जे पिनार त्याचा पयला घोट दर्याला. आनि आपलं नाव सांगायचं. मंग दर्या वळखतो."

जावयांनी मोठ्या हौसेने बिअर ओतली, नाव सांगितलं, वर "आधार कार्ड दाखवू का?" म्हणाले. वैशालीने ओतली. मी पेला पुढे केला, तर हरीने माझा हात वरच्यावर धरला.

"तुमी नाय वयनी. तुमचा दिलेला हाय."

"माझा?"

"एका मानसाचा एकदाच. दुसऱ्यांदा देतात तो मानूस गेल्यावर, मागं राहिलेल्यानं, त्याच्या नावानं. तुमचा पयला तुमी सायबांच्या गिलासातून दिलेला ना... नाक धरून!" आणि तो खो खो हसला.

मी म्हटलं, "हरीभाऊ, मी या होडीत आज पहिल्यांदा पाय ठेवतेय."

हरीचं हसू गेलं. माझ्याकडे बघितलं, वैशालीकडे बघितलं. "वयनी, मस्करी करता काय? दर ऐतवारी सायबांच्या बाजूला बसायच्या. हितंच. लॉकडाऊन उठल्यापासनं."

वैशालीचा चेहरा उतरला आणि जावई फोनमध्ये काहीतरी बघायला लागले. बोट पाण्यावर चालली होती, शीड फुगलं होतं, आणि माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही मनात आलं असेल. लपवत नाही. ह्यांनी कुणाला तरी आणलं होतं. बायको म्हणून.

सत्तरीला टेकले मी. नवरा जाऊन दोन वर्षं. आणि आता सवत निघावी? मी मनात एकेक बाई उभी केली. कारखान्याच्या कँटीनमधली ती. बिल्डिंगमधली, जिचा गिझर दुरुस्त करायला हे सारखे जायचे ती. प्रत्येकीला होडीत बसवून बघितलं. विचारायचं बंद का केलं होतं, ते आता कळलं, असं वाटलं. मी "तुम्हीच जा" म्हटलं, आणि दुसरी कुणी "चला" म्हणाली. यात चूक कुणाची, मंडळी?

वैशालीने खालच्या आवाजात विचारलं, "काका, दुसरी कोणी बाई असेल. नीट आठवा."

"अगो बाय, माझे डोळे अजून जागेवर हायत! वयनींच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली भाजल्याचा डाग हाय, पानासारखा. हाय का नाय?"

कुकरचं झाकण उडालं होतं, त्याचा डाग. स्वेटरच्या आत झाकलेला. वैशालीने माझा हात धरला, पण मी सोडवून घेतला. मी म्हटलं, डागाचं काय, ह्यांनी बोलण्यात सांगितलं असेल.

मग मान वळवली तर फळीच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याजवळ, टिकल्या. सात-आठ. मरून रंगाच्या, मधल्या आकाराच्या, खाऱ्या पाण्याने पांढुरक्या पडलेल्या. तोंड धुताना टिकली काढून हाताशी येईल तिथे चिकटवायची माझी जन्माची खोड. आरशावर, फ्रिजवर, गॅसच्या नळीवरसुद्धा! हे ओरडायचे, "घर आहे की टिकल्यांचं दुकान?" हे गेल्यापासून मी टिकली लावत नाही. त्या फळीवरच्या मात्र तशाच, ओळीने, आणि सगळ्या जरा डावीकडे कललेल्या. माझ्या असतात तशा.

तरी मी स्वतःला समजावलं. ह्यांच्या शर्टाला माझ्या टिकल्या चिकटून जायच्या. रिकामपणी काढून लावल्या असतील. असेल ना?

अर्नाळ्याचा किल्ला गेला. मग विरार दिसायला लागलं. समुद्रावरून बघितलं तर नुसते टॉवर, एकाला एक लागून, आणि उतरत्या उन्हात हजारो खिडक्या एकदम चमकल्या. जावई वातावरण हलकं करायला म्हणाले, "आई, इथून विरारसुद्धा दुबई वाटतंय." मी त्या खिडक्यांकडे बघत होते. वाटलं, एवढ्या घरांत एवढी माणसं, आणि प्रत्येक खिडकीत माझ्यासारखी एकेक म्हातारी टीव्ही लावून बसलेली असणार. हे दर रविवारी एवढं लांब येऊन हेच बघायचे? कुणाबरोबर?

परतताना वारा समोरून होता. हरीने शीड उतरवलं आणि मागचं इंजिन लावलं. खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. तिथे पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे. खाडीचं पाणी बाहेर यायला बघतं, वारा त्याला आत ढकलतो, आणि लाटा जागच्या जागी उभ्या राहतात. होडी वर गेली आणि दाणकन आपटली. बर्फाचा डबा उलटला. वैशाली किंचाळली. मी डोळे मिटून फळी धरली आणि...

आता जे सांगते ते मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ह्यांना नाही, वैशालीला नाही. फार भीती वाटली की मी मनात तेराचा पाढा म्हणते. नुसते ओठ हलतात, आवाज नाही. बाळंतपणात म्हटला, ह्यांच्या अँजिओग्राफीच्या वेळी बाहेर बाकावर म्हटला. तेर एके तेरा, तेर दुणे सव्वीस... तेर साते एक्क्याण्णववर अडकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कारण मास्तरांनी तेराचा पाढा शिकवायला घेतला, सातव्या ओळीपर्यंत आला, आणि दुसऱ्या दिवशी मला शाळेतून काढलं. पुढचं काय ते मला येत नाही असं नाही हो! पुढे हिशेब शिकले, संसार केला. पण भीतीच्या वेळी मी ती चौथीतली मुलगी होते आणि तिला पुढचं येत नाही.

तर ओठ हलत होते. होडी दुसऱ्यांदा आपटली. आणि मागून, सुकाणूवरून, हरी ओरडला —

"आला काय पाढा? अडकल्या का वयनी? एक्याण्णव झाले का?"

मंडळी, मी डोळे उघडले आणि मागे वळून बघितलं. भीती लाटेची राहिलीच नाही.

दांडा पार झाला, खाडीत पाणी शांत झालं. हरीने इंजिन बंद केलं. मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? ऐकला ना! दर ऐतवारी, दांड्यावर आलो की तुमी सुरू. हलू आवाजात. एक्याण्णव आला की गप. मंग सायब सांगायचे, 'तेर आठे चारोदरसे.' आनि तुमी हसायच्या. आमी घरी पन म्हनायचो, कमळी बोंबील मोजताना अडकली की मी म्हनतो, चारोदरसे!"

वैशाली माझ्याकडे बघत होती. "आई, कसला पाढा?"

मी हरीला म्हटलं, "मी बोलायचे? एरवी?"

"बोलायच्या म्हंजे! सायबांना तोंड उघडू द्यायच्या नाय."

"आणि... बरी असायचे मी?"

हरी म्हणाला, "काय सांगू वयनी. किनारा आला की म्हनायच्या, अजून एक फेरी मारू. सायब म्हनायचे, घरी कोन वाट बघतंय, चल मारू."

घरी कोण वाट बघतंय. घरी मी वाट बघायचे, मंडळी! बोईसरला, तिसऱ्या मजल्यावर!

मग हरीने सुकाणूजवळची फळी उचलली आणि खालून कापडात गुंडाळलेली क्वार्टर काढली. तळाला दोन बोटं दारू. "सायबांची. शेवटच्या ऐतवारची. त्यांचा दुसरा घोट अजून दिला नाय. तो मी नाय देऊ शकत, घरच्या मानसानं द्यायचा. सायब गेल्याचं कळलं तवा मला वाटलं, तुमी दुसऱ्याच ऐतवारी याल. लय वाट बघितली."

जन्मात मी दारूच्या बाटलीला हात लावला नव्हता. झाकण उघडलं. वास आला, वडिलांचा वास, आणि डावा हात आपोआप नाकाकडे गेला. वैशाली रडत रडत हसली. मी ह्यांचं पूर्ण नाव घेतलं — बायकोने नाव घ्यायचं नसतं, तेही घेतलं — आणि सगळी ओतली. पाण्यावर थोडा वेळ तेलासारखी नक्षी राहिली, मग गेली.

नंतर मी मुद्दाम म्हटला. मोठ्याने. तेर एके तेरापासून. एक्क्याण्णवपर्यंत आले आणि थांबले. बाजूची फळी रिकामी होती. हरीने तोंड दुसरीकडे फिरवलं. पाणी लाकडाला लागत होतं, तेवढाच आवाज. मी बराच वेळ थांबले.

कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर वैशालीने पुष्कळ डोकं चालवलं. बाबा एकटे बसून तुझ्याशी बोलत असतील, दोघांचे आवाज काढत असतील, हरीकाकांना पुढे पुढे तसंच आठवायला लागलं असेल. असेलही. ह्यांनी चाळीस वर्षं माझे ओठ बघितले असतील, त्यांना पाढा कळला असेल आणि कळल्याचं दाखवलं नसेल, इथपर्यंत मी मान्य करते. तसे होतेच हे. पण कमळीने माझे हात धरले ते कुणाचे समजून? बाईच्या आवाजात पाढा म्हटला कुणी? हरीला मी नंतर दोनदा फोन करून विचारलं. त्याचं बोलणं एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. शेवटी तोच वैतागला, "वयनी, तुमी होत्या का नाय ते तुमाला म्हायत, मला काय विचारता?"

एक गोष्ट राहिली. आयुष्यात मला दुपारी झोप लागत नाही. फक्त रविवारी लागायची, लॉकडाऊननंतर. हे गेले की मी आडवी व्हायचे आणि मेल्यासारखी झोपायचे, ते ह्यांनी रात्री बेल वाजवेपर्यंत. उठल्यावर अंग हलकं हलकं हेलकावत असायचं. मला वाटायचं बीपीची गोळी. आता गोळी तीच आहे, रविवारही येतात, झोप येत नाही.

तुमच्यापैकी कुणाला काही ठाऊक असेल तर लिहा. मला काही उलगडत नाही, आणि देवाशपथ, मी वाढवून काही सांगितलेलं नाही. हल्ली लाइट गेली, घरात अंधार झाला की मी पाढा म्हणते. आता मोठ्याने म्हणते, ऐकायला आहेच कोण? पुढचं मला येतं. तरी एक्क्याण्णव झाले की मी थांबते. तेवढी जागा सोडते.